लोणच्याच्या फोडी

भाद्रपद वद्य अष्टमी, १९९४
रेल्वे क्वार्टर, बनारस

चांदी गेली. माझी सगळ्यात जुनी कोंबडी. सकाळपासून नुसतं पाणी पीत होती, संध्याकाळी मान टाकली. खुराड्यापाशी लोणच्याच्या फोडी सापडल्या, चांगल्या मूठभर. शेजारच्या लिमयेकाकूंनी जुनी बरणी भिंतीवरून रिकामी केली होती. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मुर्गीला काय, सगळं पचतं."

सगळं? मी पालक चिरून घालते, खरबुजाच्या बिया वाळवून ठेवते, भातसुद्धा अळणी शिजवते. खारट काही टाकू नका, हे काकूंना तीनदा सांगितलं होतं.

उद्या त्यांच्या सासूबाईंचं श्राद्ध आहे. कावळ्यानं पानाला चोच लावल्याशिवाय त्यांच्या घरात कोणी घास घेत नाही. मग मी उजाडल्यापासून अंगणात खीर-पुरी मांडणार. कॉलनीतला एकूण एक कावळा माझ्याकडे तुडुंब जेवेल. काकूंनी भिंतीवर पान ठेवून दुपार होईपर्यंत वाट बघावी, उपाशीपोटी. हे पाप आहे का? असेल. पण त्या फोडी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पुऱ्या मात्र अळणीच तळायच्या. कावळ्यांनी माझं काय वाकडं केलंय?