बगळा सुटला

पॉलदादा,

आपला थ्रीडी प्रिंटर विकत घ्यायला दुपारी माणूस येणार आहे, हे तू आईला सांगितलंस, मला नाही. भेकड आहेस. मशीन दोघांनी मिळून घेतलं होतं.

मी देवळालीला मावशीकडे चाललेय. ते मशीन टेम्पोत चढवताना मला बघायचं नाही. भाकरी टोपलीत आहे.

आधी एक काम कर. माझा हलत्या पंखांचा बगळा छापला की पंख आखडायचे आणि तू म्हणायचास, "लिडे, बगळा न्हाई, लाटणं हाय ते!" खरंच होतं. पण आता एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलंय. छापायच्या आधीच ते सगळे सांधे पडद्यावर हलवून दाखवतं. चूक खांद्यात होती. तिथं फटच नव्हती, म्हणून दोन तुकडे छापतानाच एकजीव व्हायचे. केसाएवढी मोकळीक दिली आणि सुटला की रे!

सकाळपासून बघत बसलेय. पंख वर जातात, सावकाश खाली येतात. बघता बघता खोलीत ओल्या उसाचा वास येतो, पाटाचं पाणी वाहायला लागतं, आणि आपण दोघं लहानपणीसारखे काठावर पाय सोडून बसलेलो असतो. तेव्हा तू कुणाला भीत नव्हतास.

कॉम्प्युटर चालूच ठेवलाय. पडद्यावरचं हिरवं बटण दाब आणि बगळा उडताना पूर्ण बघ. मग विकायचं तर विकून टाक, मी भांडणार नाही. फक्त त्या माणसाला असं सांगू नकोस, की घरात कुणी वापरत नाही म्हणून विकतोय.

लिडिया