'अन्टिल'च्या पोटातला नाही

मुलुंड,
ता. ९ जानेवारी १९५६

चि. सौ. क्षमास,

संक्रांत जवळ आली, तेव्हा तिळगूळ आधीच घे आणि गोड बोल. इकडचं सगळं ठीक म्हणायचं. शेजारच्या उत्तराचं लग्न ठरलं. तू लावलेली मधुमालती आपल्या गॅलरीतून थेट वरच्या मजल्यावर गेली. वरची मंडळी फुलं हक्काने तोडतात, आपण नुसतं पाणी घालायचं.

दादांच्या इंग्रजीच्या शिकवण्या दिवाळीपासून बंद आहेत. संध्याकाळी गॅलरी रिकामी बघवत नाही. परवा तिथे केर काढताना तुझं ते वाक्य आठवलं आणि एकटीच हसले. 'आय शाल नॉट ईट अन्टिल माय सिस्टर डझ नॉट कम.' आपण मराठीत 'ताई येत नाही तोवर जेवणार नाही' म्हणतो, ते तू जसंच्या तसं इंग्रजीत नेलंस. दादा म्हणाले, "म्हणजे ताई यायची बंद झाली की तू जेवणार होय गं? अन्टिलच्या पोटात 'नाही' आहेच, वर आणखी एक कशाला कोंबतेस?" सगळी मुलं हसली आणि तू फुरंगटून खरंच जेवली नाहीस. किती सुखाचे दिवस होते गं ते!

आता आडून बोलत नाही. दादांच्या पोटात गाठ आहे. ऑपरेशन लगेच करायला हवं, उशीर झाला तर आशा नाही, असं डॉक्टर काल सांगून गेले. डॉक्टर मद्रासी, त्यामुळे बोलणं इंग्रजीतून. दादांनी उशीला टेकून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आय विल नॉट गो अन्टिल माय डॉटर डझ नॉट कम."

ज्या चुकीसाठी जन्मभर मुलांचे कान उपटले, ती त्यांच्याच तोंडून! पण मी चमकले ती दुसऱ्याच शब्दाने. डॉटर. मी तर समोर उभी होते.

नंदकिशोररावांशी तू लग्न केलंस तेव्हापासून या घरात तुझं नाव काढायची सोय नव्हती. त्याचा तुला राग असेल, असायलाच हवा. पण क्षमे, ते हट्टाला पेटलेत आणि मला भीती वाटते. तू ये.

पत्र संपवायच्या आधी त्यांना विचारलं, "क्षमाला तुमचे आशीर्वाद लिहू का?" म्हणाले, "पोस्टाने नकोत. दोघं आली की देईन."

तुझी वाट बघणारी,
शुभाताई