आठची गोळी आणि तुझी खडीसाखर

ताई,
धाकट्याचा वाकून नमस्कार. मी खुशाल आहे.

इथल्या वह्यांच्या कारखान्याच्या मालकांना पहिल्याच दिवशी माझ्या फिट्सचं सांगून टाकलं. त्यांनी मला कागद कापायच्या यंत्रापासून लांब, वह्या शिवायच्या टेबलाशी बसवलं. शेजारी डिंकवाल्या काकू पुठ्ठे चिकटवतात आणि अगदी तुझ्यासारखे टोमणे मारतात.

भुवईवर दोन टाके पडलेत, कपाटाचा कोपरा लागला. आईला सांगू नकोस. बरं, तुझ्यापासून काय लपवणार? सोमवारी गडबडीत सकाळची गोळी राहिली. आठवलं तेव्हा रात्रीच्या गोळीची वेळ झाली होती. दोन एकदम घ्यायला हात शिवशिवले, पण आधी औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "राहिली ती राहिली. आता एकच घ्या." मंगळवारी फिट आलीच. डॉक्टरांना दाखवलंय, काळजी करू नकोस.

लहानपणी एकट्यालाच औषध म्हणून मी रडायचो, तेव्हा तू खडीसाखरेचा खडा घेऊन शेजारी बसायचीस. माझी गोळी चावायची नाही, अख्खी गिळायची, म्हणून तूही खडा चावायची नाहीस. मग दोघं आईपुढे आ करायचो.

आता काकूंनी त्यांच्या फोनवर सकाळी आठचा गजर लावलाय. काल गोळी गिळून मी सवयीनं त्यांच्यापुढे आ केला. त्या हसल्या नाहीत. चष्मा लावून नीट पाहिलं.

आईचे गुडघे कसे आहेत?

आठ वाजतात तेव्हा तिकडे तूही शाळेत शिकवायला निघत असतेस. एक खडा तोंडात टाकत जा. चावू नकोस.

तुझा,
आ करून दाखवणारा धाकटा