छेदातली माणसे

प्रिय डॉक्टरसाहेब,

घरातल्या हाकेने तुला संबोधावे असे आज मनात येत नाही, आणि वर्तमानपत्रे तुला ज्या नावाने ओळखतात ते लिहायला हात धजत नाही. म्हणून तुझ्या हुद्द्यालाच नमस्कार. रविवारी फोनवर तू मला दोन गोष्टी बजावल्यास. आईच्या आतड्यातली गाठ महिन्याच्या आत काढून टाकायची, आणि काही झाले तरी तुझी ती प्रसिद्ध गोळी तिला द्यायची नाही. "बाबा, तिला कारण सांगत बसू नका, नुसतं ऑपरेशनला तयार करा," हे तुझेच शब्द. त्यानंतर तुझे किती फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. उत्तर या पत्रात आहे, पण ते अखेरीस येईल. त्याआधी तुला माझ्या तासाला बसावे लागेल. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला तू माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसायचास. घरी 'बाबा' आणि वर्गात 'सर' म्हणताना तुझी जीभ अडखळायची. मुले मागून मला 'छेदशास्त्री' म्हणायची, तेव्हा सर्वांत मोठ्याने तूच हसायचास. जैवसांख्यिकी शिकवणाऱ्या माणसाला वर्गात कोणी गांभीर्याने घेत नाही, हे मला ठाऊक होते. घरातही घेत नव्हते, हे आता कळले.

आईचा आजार कसा कळला, हे तुला मी सांगितले होते. पुढचे सांगितले नव्हते. तुझा वर्गमित्र, जो तुझ्या ताटात जेवून मोठा झाला आणि आता सर्जन आहे, त्याच्या खोलीत आम्ही दोघे बसलो होतो. भिंतीवर आतड्याचे रंगीत चित्र, टेबलावर तुझ्या शोधनिबंधाची छापील प्रत. तो हसून म्हणाला, "काकू, चिरफाड कशाला करून घेताय? घरचंच औषध आहे! तुमच्या लेकानं सिद्ध केलंय, दोन वर्षांनी गोळीवालेच जास्त जिवंत." आई त्या क्षणी इतकी उजळली, की मला तिच्याकडे पाहवेना. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "बघितलंत? तुम्ही जन्मभर आकडे मोजलेत, त्यानं त्या आकड्यांतून औषध काढलं." मी मान हलवली. निबंध मी वाचला होता. शेवटच्या तक्त्याखालची तळटीपही वाचली होती. तरीही मी मनाला समजावत होतो, की माझेच काही चुकत असेल. बाप झाल्यावर माणसाची बुद्धी अशी शरण जाते.

आता धडा. तू दहा वर्षांचा असताना दवाखान्याच्या बाकावर आपण ताटकळत बसलो होतो. वेळ जावा म्हणून मी तुला कोडे घातले होते, की चार माणसे दहा-दहा मिनिटे थांबली आणि पाचवा बिचारा चार तास वीस मिनिटे, तर सरासरी किती? तू बोटांवर हिशोब करून सांगितलेस, एक तास. मग कपाळाला आठ्या घालून विचारलेस, "पण मग तो तास थांबलं कोण?" त्या प्रश्नासाठी मी तुला खांद्यावर घेतले होते. सरासरी म्हणजे काय आणि मध्यक कशासाठी हवा, हे त्या वयात एवढे नेमके माझ्या एकाही विद्यार्थ्याला कळले नव्हते. सगळ्यांना रांगेत उभे केले की मधोमध जो येतो, तो मध्यक. तो दहा मिनिटेच सांगतो, आणि तेच बहुतेकांचे खरे असते. तुझ्या निबंधात गोळी घेणाऱ्यांचे सरासरी आयुष्य मोठ्या टाइपात आहे. मध्यक कुठेही नाही. दोन-तीन चिवट म्हाताऱ्यांच्या दीर्घायुष्यावर तू सगळ्यांचे आयुष्य वाढवून दाखवलेस. तो काळ जगले कोण, हे विचारणारा मुलगा कुठे गेला?

हे तरी मी क्षम्य मानले असते. सरासरीचा मोह मोठमोठ्यांना पडतो. पण तुझ्या अभ्यासाची सुरुवात किती पवित्र होती ते आठव. कोणाला गोळी आणि कोणाला ऑपरेशन, हे तू ठरवले नाहीस, चिठ्ठीने ठरवले. वर्गात मी सांगत असे, की ही चिठ्ठी म्हणजे संशोधकाचा संन्यास आहे. माझा आवडता रोगी, माझे लाडके औषध, माझी इच्छा, हे सगळे तिथे टाकून द्यायचे असते. कर्तेपणा सोडल्याशिवाय फळ शुद्ध राहत नाही, हे आपल्या ऋषींनी सांगितले आणि हेच आपल्या विद्येचे मूळ आहे. तसेच शून्य गृहीतक. परमात्म्याचे वर्णन करताना ज्ञाते पुरुष नकारापासून आरंभ करतात. संशोधकानेही आधी म्हणायचे असते, माझ्या औषधाने काहीही होत नाही. मग पाहायचे, की खरोखर काही होत नसेल तर निव्वळ योगायोगाने एवढा मोठा फरक दिसण्याचा संभव किती. तो संभव फार थोडा असेल, तरच तोंड उघडायचे. तुझ्या निबंधात तो शंभरात एक आहे. वा! पण हा आकडा एवढेच सांगतो, की योगायोगाने असे घडणे अवघड आहे. हातचलाखीने घडणे किती सोपे आहे, ते तो सांगत नाही. मुळातच जे वाकवले, त्याला कोणतेही गणित सरळ करू शकत नाही.

आणि तू वाकवलेस ते नेमके तिथे, जिथे मी आयुष्यभर खडू झिजवला. छेद. वर अंश, खाली छेद. वर किती जगले, खाली किती होते. प्रारंभी दोन्ही गटांत माणसे सारखी होती. शेवटच्या तक्त्यात गोळीच्या गटात एकेचाळीस कमी. तळटीप म्हणते, 'कोर्स अपूर्ण राहिल्याने वगळले.' कोर्स अपूर्ण का राहिला? गाठ पसरली म्हणून. गोळी गिळण्याचे त्राण उरले नाही म्हणून. ती माणसे कंटाळून घरी गेली नव्हती रे, ती गेली होती! ऑपरेशनच्या गटात मात्र टेबलावर पोचण्याआधी वाटेत दगावलेल्यांनाही तू काटेकोरपणे धरलेस. एका बाजूला मेलेले वजा, दुसऱ्या बाजूला मेलेले जमा. चिठ्ठीने ज्याला ज्या गटात टाकले, त्याला अखेरपर्यंत त्याच गटात मोजायचे, मग त्याने औषध घेतलेले असो वा टाकलेले. हे मी परीक्षेत दरवर्षी विचारत असे. तू ते उत्तर पूर्ण गुणांनी लिहिले होतेस. न कळून केलेली चूक मी समजू शकलो असतो, पण मूर्ख म्हणवून घेण्याची सोयही तुला नाही.

रविवारी मी हेच विचारले, तेव्हा तू आधी चिडलास. "बाबा, सगळेच असं करतात. तुम्ही अजून फळ्यापाशीच उभे आहात." मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याला तू लहानपणापासून घाबरतोस. मग आवाज खाली आला. "सगळे धरले तर निकाल उलटा पडतो. ऑपरेशनवालेच जास्त जगतात. बरेच जास्त." मी विचारले, मग हे जाहीर कधी करणार? तू म्हणालास, आता औषधकंपनी गुंतली आहे, विभागप्रमुखपदाचा निर्णय व्हायचा आहे, पुढच्या वर्षी बघू. आणि वर हेही म्हणालास, "आई म्हणजे काय नमुना आहे का? ती आई आहे!"

या वाक्यावर मी चार दिवस विचार केला. पहाटेच्या पठणात मन लागेना. व्यष्टी आणि समष्टी हे दोन शब्द मी पोथीतही वाचले आणि पाठ्यपुस्तकातही. एक जीव आणि सर्व जीवांचा समुदाय. शास्त्र सांगते की या दोहोंत भेद पाहणे हेच अज्ञान. आपली विद्या तेच सांगते, की मूठभरांच्या नमुन्यातून सर्वांचे सत्य पाहायचे आणि सर्वांच्या सत्यातून एकाला वाचवायचे. तू मात्र एक जीव उचलून समुदायाबाहेर ठेवलास. आपल्या आईसाठी खरा निकाल, इतरांच्या आयांसाठी छापील निकाल. मी देवाला मानतो, म्हणून नरकही मानतो. आजवर मला वाटे की तो क्रूरांसाठी असेल. आता वाटते, तो निवडक दयाळूंसाठी असावा. क्रूर माणसाला निदान कळत तरी नसते. तुला कळत होते, आणि कोणासाठी हळहळायचे याची तू यादी केलीस. त्या यादीत एकच नाव होते.

तुला वाटत असेल, म्हातारा रागावला आहे, लिहून मोकळा होईल, आणि मग गपचूप बायकोला ऑपरेशनला नेईल. माझाही बेत तोच झाला असता. तू सांगितलेस तसेच करायचे, कारण सांगायचे नाही, पुत्राची अब्रू राखायची. मीही काही वेगळा ठरलो नसतो. पण तुला एका गोष्टीचा विसर पडला. मला नीट ऐकू येईनासे झाल्यापासून आपल्या घरी फोन मोठ्या आवाजावर ठेवूनच बोलावे लागते. तू बोलत होतास तेव्हा आई माझ्यासमोर, त्याच टेबलाशी, भाजी निवडत होती. तिने भाजी निवडणे थांबवले नाही. तू फोन ठेवल्यावर तिने देठांचा कागद गुंडाळून बाहेर टाकला, हात धुतले, आणि मला एकच विचारले, "त्या एकेचाळीसांच्या घरी फोन कोणी केले असतील हो?" रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर तिने तीस वर्षे काढली. कोणत्या नातलगाला कोणत्या आवाजात काय सांगायचे, हे तिला तुझ्या सगळ्या डॉक्टरांपेक्षा चांगले ठाऊक. मी म्हणालो, कोणीतरी केलेच असतील. ती म्हणाली, "म्हणजे घरच्यांना कळलं, फक्त कागदाला कळलं नाही." त्या दिवशी ती तुझ्याविषयी आणखी काहीही बोलली नाही. रडलीही नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते, आणि तुझे काम सोपे झाले असते.

आता उत्तर, ज्यासाठी हे सारे लिहिले. सोमवारी ती एकटी सर्जनकडे गेली आणि तुझी गोळी लिहून घेऊन आली. त्या भल्या माणसाने तिचे अभिनंदन केले. मंगळवारपासून ती रोज सकाळी माझ्यासमोर गोळी घेते, पाण्याचा पेला उपडा ठेवते आणि माझ्याकडे पाहते. मी हात धरला नाही. धरणारही नाही. तिने मला तुला एक निरोप लिहायला सांगितला आहे, आणि तो मी तिच्याच शब्दांत उतरवतो. "त्याला लिहा, जी गोळी इतरांच्या आया घेतायत, तीच मी घेणार. ज्या दिवशी तो सगळ्यांसमोर उभा राहून सांगेल की ही गोळी मारते, त्या दिवशी संध्याकाळी मी टेबलावर झोपायला तयार आहे. त्याच्या आधी नाही. घरी येऊन पाया पडू नको म्हणावं, दार उघडणार नाही. आणि हेही लिहा, मला कितीही त्रास झाला, उलट्या झाल्या, अंथरुणाला खिळले, तरी मी एकही गोळी चुकवणार नाही. कोर्स पूर्ण करणार. मला गाळता येणार नाही त्याला."

नाकारता येत नाही म्हणून तुझाच,
बाबा