खुराड्यामागचा कॉक

प्रिय बाबा,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवते आहे. आत्या वाचून दाखवते म्हणेल, तिला देऊ नका. सावकाश, स्वतःच वाचा. रुसापेला मका कसा आहे? इकडे सीमेपार, झांबियात, लुसाकात भारनियमन वाढलंय. वीज आली की गल्लीभर पंप घरघरतात, इस्त्र्या तापतात. गेली की जो तो कोळशाची शेगडी अंगणात काढतो. मी शिकवते त्या वर्गातली पोरं मात्र अंधाराला सरावलीत, दिवा लागला की उलट दंगा करतात.

तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलात तेव्हा माझ्या नळाला पाणी नव्हतं. इथे नळ कोरडा पडला की नळाकडे कुणी बघतच नाही. वीज कंपनीला शिव्या घालायच्या आणि बादली उचलायची. मी तर आधी स्वतःलाच तपासलं, तोटी माझ्याच हातून बिघडली का म्हणून. लहानपणी, मी शाळेत जायला लागण्याआधी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्ही पाढ्यांबरोबर हेही शिकवलं होतंत, की दुसऱ्यावर आळ घेण्याआधी आपले हात बघावेत. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात धुतल्याशिवाय डोळ्यात औषध घालायचं नाही. आणि धुवायला पाणी नव्हतं. मग एक दिवस मी शाळेतून आले तर तुम्ही पिशवी भरून बसला होतात. म्हणालात, मक्याला राखण नाही, जातो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डावा राहिला तो राहिलाच, मोतीबिंदूने झाकलेला.

तुम्ही गेलात आणि नळाला पाणी आलं. तेव्हाही मला वाटलं, वीज सुधारली. पुढे एकदा घरमालकिणीच्या मुलीला, मुलेंगाला, अंडी गोळा करायला मदत करत होते. खुराड्यामागे माझ्या खोलीकडे जाणारा पाइप दिसला. पाइप गंजलेला, पण त्यावरचा कॉक चकचकीत, नवा. मुलेंगाला विचारलं तर तिने हातातलं अंडं खाली ठेवलं. “तुझे बाबा होते तेव्हा तुझं पाणी बंद करायला आईनं बसवून घेतला. मला वाटलं, तुला माहितेय.” मग रडत रडत बाकीचंही सांगितलं, जे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. डोळ्याला पट्टी, हातात बादली, असे तुम्ही त्यांच्या मोठ्या घराच्या व्हरांड्यात गेलात. तिथे तिच्या आईच्या चर्चमधल्या मैत्रिणी बसल्या होत्या. आणि बाना मुलेंगा (इथे आईला लेकीच्या नावाने असंच म्हणतात) त्यांच्यादेखत म्हणाली, “काय हो आजोबा, खोली मी एकटीला दिलीय. तिचं अख्खं गाव पाणी प्यायला येणार असेल तर तसं सांगा, नदीच आणून देते!” बायका हसल्या. तुम्ही टोपी काढलीत, आपल्या रीतीने हळू टाळ्या वाजवून तिचे आभार मानलेत आणि रिकामी बादली घेऊन परत आलात.

आभार मानलेत, बाबा. ते मला गिळवत नाही.

मी भांडले नाही. भांडले असते तर ती मला कृतघ्न परदेशी ठरवून मोकळी झाली असती. मी थांबले. मुलेंगाचं लग्न ठरलं. लग्नाआधी इथे बायकांचा मेळावा भरतो, ढोल वाजतात, नवरीला भांडीकुंडी देतात, आणि नवऱ्याकडच्या आत्या-मावश्या यजमानीण बाईला वरपासून खालपर्यंत जोखतात. भारनियमनात त्यांची टाकी पुरणार नाही हे ओळखून मी पाद्रीबाईंना विचारून चर्चच्या हातपंपावरून पिंपं भरून ठेवली. वीज त्या सकाळी आलीच नाही. दुपारी मोठ्या घराची टाकी तळाला गेली. मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा वाफाळतोय, कोंबडी तयार, आणि पाहुण्यांच्या हातांवर ओतायला पाणी नाही. हात न धुता न्शिमाला कोण बोट लावणार?

बाना मुलेंगा माझ्या दारात आली. मागे नवऱ्या मुलाच्या दोन आत्या, रिकामं घमेलं घेऊन. “मुफारो, माझी बाय, पाणी दे ग. लाज राख.” मी पिंपावरचं झाकण दाबून धरलं आणि बोलले, “देते. माझ्या बाबांचं पाणी कुणी तोडलं, ते आधी यांना सांगा.” “आत्ता? अगं, पाहुणे खोळंबलेत!” “आत्ताच.” ती खाली मान घालून काहीतरी पुटपुटली. “मोठ्यानं बोला हो विहीणबाई,” थोरली आत्या म्हणाली, “ढोलानं कान बसलेत आमचे.” तिला पुन्हा सांगावं लागलं. अंगणातला ढोलही तेवढ्यात थांबला होता. “ऐकलंत का ग?” आत्या मागे वळून ओरडली. “आपल्या पोराला सासुरवाडीला धाडताना पाणी बांधून द्या बरं!” सगळ्या हसल्या. व्हरांड्यात हसलेल्या त्या मैत्रिणीही हसल्या. मग मी पाणी दिलं, सगळी पिंपं दिली. पाणी अडवणारी मी नाही. मुलेंगाचा चेहरा बघवला नाही, तेवढं सोडलं तर मला काहीही वाटलं नाही.

आता पत्राचं कारण. बाना मुलेंगाला चर्चमध्ये आता कुणी शेजारी बसवून घेत नाही. म्हणून ती तुमच्याकडे यायला निघाली आहे, कापड आणि कोंबडी घेऊन, माफी मागायला. तुमची माफी मिळाली की इथे पुन्हा ताठ मानेने मिरवेल. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही “झालं गेलं” म्हणाल. बाबा, म्हणू नका. तिला खुर्ची द्या, पोटभर जेवू घाला. पण तिचं बोलून झालं की उजव्या डोळ्यावर हात धरा, डाव्याने तिच्याकडे बघा आणि जे खरं असेल तेवढंच सांगा, की बाई, तुम्ही मला दिसत नाही.

तुमचीच,
मुफारो