आजोबांचा खण

कोटोनू, ३ डिसेंबर

ती. फिफामेताईस सा. न.

आम्ही बरे आहोत. सेजो रांगतो, हाताला लागेल ते धरून उभा राहतो. थंड वारं सुटलंय, वाफवून करायच्या अबलोचं पीठ काही केल्या फुगत नाही.

ताई, ओरडू नकोस. ह्यांनी घरात साप आणलेत. अकरा! परदेशात लोक हौसेनं पाळतात म्हणे, तिकडे पाठवायचे. मागच्या खोलीत बारा खणांचं रॅक ठोकलंय. एका खणात एक साप, खालचा खण रिकामा. खणाला झाकण नाही, वरची फळीच झाकण. मागून विजेची गरम पट्टी, आत पाण्याची वाटी.

पण ताई, आपण विदाहला ज्यांना आजोबा म्हणून वाकतो, तेच हे अजगर. खणात, पायमोज्यांसारखे! हे पडले लांब उत्तरेतल्या पाराकूचे, ह्यांना काय त्याचं! मला आजोबांची भीती वाटते, आणि ते रागावतील याचीपण. माझ्या सेजोला काही करणार नाहीत ना?

तुझीच घाबरट,
सेनामी

विदाह, ६ डिसेंबर

चि. सेनामीस अ. उ. आ.

पत्र वाचून मी नि सासूबाई पोट धरून हसलो. अंगणात आजोबा आले की उखळावर चढून बसायचीस ती तूच ना? अगं, ते चावत नाहीत. घाबरले की गोळा होऊन बसतात, अगदी तुझ्यासारखे.

मान मात्र राख. रोज सकाळी खण ओढून नमस्कार करायचा. आणि थोरामोठ्यांच्या तोंडावर खण बंद करायचा नाही, हे काय मी सांगायला हवं? रिकाम्या खणात पीठ ठेव, उबेनं फुगेल. अबलो झाले की मला पाठव.

सेजोचा पापा घे. माया आहेच, पत्र धाडत जा.
फिफामे

कोटोनू, ११ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं ऐकलं आणि बसले बोंबलत! पाचव्या खणातले आजोबा सगळ्यांत थोरले. त्यांच्या तोंडावर खण लावायला हात धजेना, म्हणून दोन बोटं उघडा ठेवला. मंगळवारी बघते तर आत नुसती वाटी.

हे दोन दिवस फटी मोजतायत. माझंच माप चुकलं म्हणून कपाळ बडवतायत. खण मीच उघडा ठेवला, हे अजून सांगितलेलं नाही. सेजोला पाठीवरून खाली उतरवलेलं नाही. जेवते उभ्यानं, झोपते बसून. शनिवारपर्यंत आजोबा सापडले नाहीत तर पोराला घेऊन तुझ्याकडे येते. मग परत जा म्हणू नकोस.

सेनामी

विदाह, १२ डिसेंबर

चि. सेनामीस अ. उ. आ.

पत्र न्यायला टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवून लिहितेय. ये, घर तुझंच आहे. पण आधी नवऱ्याला खरं सांग, बिचारा फुकट कपाळ फोडून घेईल. आजोबा उबेला गेले असतील, तिथे बघ. आणि माझं नाव सांगू नकोस.

काळजीत,
फिफामे

कोटोनू, १४ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

आजोबा सापडले. मी नाही, सेजोनं शोधले.

काल सकाळी तुझ्याकडे यायला बोचकं बांधत होते. गाठ मारायला म्हणून पोराला खाली ठेवलं, तेवढ्यात हा रॅकपाशी! उभं राहायला खालचा खण धरला, तो सरकून बाहेर आला. आत तू सांगितलंस म्हणून ठेवलेलं पिठाचं पातेलं; आजोबा पळाल्यापासून मी तिकडे फिरकलेच नव्हते. पातेलं उंच, म्हणून खण पुरता लागतच नव्हता. आणि पातेल्याला वेढा घालून आजोबा! सेजोनं शेपटी मुठीत धरलेली, आणि खिदळतोय. आजोबांनी लाजल्यासारखं डोकं वेढ्यात खुपसलेलं.

ताई, मी उचलले. ह्या हातांनी. कोरडे, ऊबदार, आणि काय जड! पाचव्या खणात ठेवले आणि त्यांच्या तोंडावर धाडकन खण लावला. मग बाहेरून नमस्कार केला.

ह्यांना सगळं सांगितलं. तुझं नावपण. हे जमिनीवर बसून हसले, मग उठून प्रत्येक खणाला कडी लावली. बोचकं मी सोडून टाकलं. अजून भीती वाटते, पण कडी रोज मीच तपासते.

पीठ असं फुगलं म्हणून सांगू! सोबत वीस अबलो पाठवलेत. हो, त्याच पातेल्यातले. आधी सासूबाईंना पोटभर वाढ, मग पत्र वाचून दाखव.

राग धरू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझी सेनामी