दगडावरचा ब

पेंडीन,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

प्रिय डेन्झिल यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. वारा आहे, पण पेंडीनला तो कधी नसतो? तुझी पाठ कशी आहे? तुझ्या जुडिथला माझी आठवण सांग. कॉर्निश भाषेच्या आपल्या ऑनलाइन ग्रुपवर तू मला ब्लॉक केलंयस आणि फोनवर मी तुला, तेव्हा टपालाशिवाय इलाज नाही.

झालं क्षेमकुशल. आता मुद्द्यावर येते, कारण सकाळपासून माझं डोकं फिरलंय आणि ते तुझ्यामुळे फिरलंय.

मिस्टर ट्रेगिअरनी आज बोलावलं होतं. आईच्या थडग्याचा दगड फेब्रुवारीपासून त्यांच्या शेडमध्ये आडवा पडलाय, हे तुला नवीन नाही. ब्लांच पेंगेली हे नाव कोरून झालंय, तारखा झाल्यात. वरची एक ओळ तेवढी रिकामी. तिथे आपल्या कॉर्निशमध्ये 'आई' एवढा एकच शब्द घालायचा, आणि आठ महिने झाले तरी पोटच्या दोन पोरांना तो ठरवता येत नाही. तू म्हणतोस माम्म, जुन्या नाटकांच्या पोथ्यांत आहे तसा. मी म्हणते माब्म, आपल्या पश्चिमेकडची शेवटची बोलणारी माणसं म्हणायची तसा. एका ब-पायी आईच्या डोक्यावर दगडसुद्धा नाही.

ट्रेगिअर म्हणाले, "वेना पोरी, शुक्रवारी मी दुकान बंद करतोय. गुडघे बदलायचेत. काय ते एकदाचं सांगून टाक. ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही."

मी म्हटलं, "माझ्या भावाला विचारा. अडवून त्याने धरलंय."

"तो गेल्या बुधवारी येऊन गेला. म्हणाला, ब घाला. वेना म्हणेल तसं करा."

डेन्झिल, तुला लाज नाही वाटली? वर्षभर माझ्याशी दात-ओठ खाऊन भांडलास. त्या ग्रुपवर मला 'मच्छीबाजारातली विदुषी' म्हणालास, मी विसरलेले नाही. आणि मग एक दिवस मला न सांगता, न विचारता रेडरुथहून बसने इथवर येतोस, माझ्या दारावरून पुढे जातोस, त्या म्हाताऱ्याला सांगतोस की वेनाचं खरं, आणि परत जातोस. चहालाही थांबला नाहीस. मला आनंद व्हायला हवा होता. मी जिंकले ना? शेडमधल्या पाट्यांच्या ढिगावर बसले मी.

त्यात ट्रेगिअर विचारतात, "तुम्ही पोरं तिला घरात काय म्हणायचात?"

"मम," मी म्हटलं.

"म्हणजे इंग्रजीतच की. मग हे भांडण नक्की कुणाच्या आईचं चाललंय?"

मी म्हटलं, दगड घडवा, डोकं नका चालवू. म्हातारा हसला आणि छिन्नीला धार लावत बसला. पण बोलला ते खरंच आहे. आपण दोघांनीही तिला तिच्या हयातीत ना तुझ्या शब्दाने हाक मारली, ना माझ्या.

मी तुझ्यावर का चिडते ते तुला कधी कळलं नाही. तुला वाटतं, स्पेलिंग. स्पेलिंग गेलं खड्ड्यात. आई पंचाहत्तराव्या वर्षी भाषा शिकायची म्हणाली. चॅपलच्या मागच्या खोलीत माझा वर्ग, तिच्या घरापासून पाच मिनिटांवर. आणि ती दर मंगळवारी दोन बस बदलून तुझ्या वर्गाला रेडरुथला. मी एकदा तिला विचारलं, का गं, माझ्यात काय कमी आहे? तर म्हणाली, "तू चुका काढतेस. डेन्झिल बिस्किटं देतो." असं तोंडावर म्हणाली. गावभर मी वेना मास्तरीण, आणि माझी आई बिस्किटांपायी तुझ्याकडे. किती झोंबलं ते आज सांगते.

आता त्या पोस्टबद्दल.

तुला ती पाठ असेल. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, बुधवारी सकाळी, तिने ग्रुपवर लिहिलेली पहिली आणि शेवटची. "गुरुवारी तीन वाजता माझ्याकडे चहाला या. केशराचा केक केलाय. इंग्रजी बोलायचं नाही." आणि खाली सही, "डेन्झिल आणि वेनाची माम्म." चार ओळी लिहायला तिला आठवडा लागला असेल.

त्याखाली काय घडलं ते सगळ्या जगाने पाहिलं. तुझी लांबलचक कमेंट, मग माझी, मग तुझी, मग तो लीड्सचा माणूस, ज्याच्या बापजाद्यांनी कॉर्नवॉल सोडून शंभर वर्षं झाली. त्याने आईला 'ही बाई' म्हटलं. "अशा अर्धवट लोकांमुळेच भाषा मरते," असं लिहिलं. कारण काय, तर तिने तुझ्या पद्धतीचं स्पेलिंग वापरलं होतं. आणि मी त्याला लाइकचा अंगठा दिला. आई मला दिसलीच नाही, तुझी पद्धत दिसली.

लोक म्हणतात डेन्झिलने सुरुवात केली. सख्ख्या आईच्या पहिल्या पोस्टवर मुलाने भांडण काढलं. तुझं ॲडमिनपद त्यावरूनच गेलं. एकोणीसचे चार विद्यार्थी राहिले, आणि हॉलवाल्यांनी तुझा मंगळवार योगाच्या बाईला दिला. आईच्या अंत्यविधीनंतर चॅपलमध्ये दोघातिघांनी तुझा हात हातात घेतला नाही. मी ते पाहिलं. मी सँडविचची बशी फिरवत होते.

सुरुवात मी केली होती.

तुला हे माहीत आहे. तुझ्या त्या लांबलचक कमेंटच्या वर माझी एक ओळ होती. "माम्म नव्हे, माब्म. चुकीचं शिकवलंय तुला." बाकी काही नाही. येते म्हटलं नाही, छान लिहिलंस म्हटलं नाही. तुझं उत्तर त्या ओळीला होतं. मी ती ओळ काढून टाकली आणि तुझं उत्तर तेवढं आईच्या पोस्टखाली लटकत राहिलं, जणू तू तिच्यावरच खेकसलास.

कधी काढली ते मात्र तुला माहीत नाही. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला. आईचा फोन येऊन गेल्यावर.

आपण काय लिहीत होतो ते तिला कळतच नव्हतं, डेन्झिल. तिला चहा, केक, पाऊस, मांजर एवढं येत होतं. आपण व्यंजनांच्या इतिहासावर एकमेकांचे गळे धरलेले. तिला एवढंच दिसलं की पोस्टखाली आकडा वाढतोय. गुरुवारी दुपारी त्रेसष्ट झाला होता. तिला वाटलं, त्रेसष्ट माणसं येतो म्हणताहेत.

तिने चॅपलमधून कप उसने आणले. ते हिरव्या काठाचे, आणि शेजारच्या मिसेस वेरनच्या हातगाडीवरून, दोन खेपा करून. आणखी दोन केक केले. बाहेरच्या खोलीत टेबलं जोडली, आणि खुर्च्या कमी पडतील म्हणून पायऱ्यांवर उशा टाकल्या. मग तीनपासून पाचपर्यंत दाराशी बसून राहिली.

फोनवर म्हणाली, "वेना, माझं वाराचं नाव चुकलं का गं? मी शुक्रवार तर नाही ना लिहिला?"

मी म्हटलं, "नाही, बरोबर लिहिलंयस."

"मग त्यांची बस चुकली असेल," म्हणाली. आणि मग, "तुम्ही दोघं तरी याल असं वाटलं होतं."

मी पाच मिनिटांवर होते. तीन वाजून दहा मिनिटांनी मी काय करत होते, ते ग्रुपवर छापलेलं आहे. तुला सतराव्या शतकातलं एक पत्र काढून दाखवत होते. तुझं उत्तर तीन एकोणीसचं. आपल्या दोघांची आई बाहेरच्या खोलीत साठ कप मांडून बसलेली, आणि आपण तिला काय म्हणावं यावर भांडत होतो.

मी गेले नाही. फोन ठेवला, ती ओळ पुसली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिला कप धुवायला मदत केली. त्यानंतर मंगळवारची बस तिने बंद केली. नोव्हेंबरमध्ये गेली तोवर तिच्या तोंडून कॉर्निशचा एक शब्द मी ऐकला नाही.

आणि तू. तुझ्याकडे त्या ओळीचा स्क्रीनशॉट असणार. तू साधी पावतीसुद्धा फेकत नाहीस, ते फेकशील? एकदा दाखवला असतास तर सगळं निस्तरलं असतं. ॲडमिनपद राहिलं असतं, वर्ग राहिला असता. लोक तुला शिव्या देत होते आणि तू गप्प. का? माझी दया आली? कुणी मागितली होती तुझी दया? मला तर वाटतं तू मुद्दाम गप्प बसलास, मला जन्मभर खात राहावं म्हणून. आणि तसं नसेल, तू खरंच मला सांभाळून घेत असशील, तर त्याचा मला दुप्पट राग येतो. भांडायचं होतंस माझ्याशी. ग्रुपवर दीडशे कमेंट भांडलास, आणि जिथे तुझं खरं होतं तिथेच नेमकं तोंड मिटलंस.

एका चॅपलमध्ये मावू एवढे आपण बोलणारे लोक. त्यातही दोन दारं करून बसलोय, आणि या दाराने येणारा त्या दाराच्या माणसाला ओळख देत नाही. कुणी तिसरी बाई केक घेऊन आली तर तिला दारातच विचारतो, ब आहे का तुझ्यात?

तर मी काय केलं ते ऐक.

ट्रेगिअरना सांगितलं, ब नको. माम्म कोरा. ते म्हणाले, "अगं, पण तो तर म्हणाला..." मी म्हटलं, तो काय म्हणाला ते मला सांगू नका, थोरली मी आहे. माझ्यासमोर त्यांनी खडूने आखून घेतलं. उद्या सकाळी छिन्नी लावतील. तुझं शास्त्र मला पटलंय असं समजू नकोस. माब्म हेच बरोबर आहे, मी मरेपर्यंत तसंच म्हणेन आणि तसंच शिकवेन. पण आईने स्वतःला आयुष्यात एकदाच आपल्या भाषेत नाव लावलं, आणि ते माम्म होतं. त्यावर मी लाल रेघ मारली. दगडावर पुन्हा मारणार नाही.

आणि दुपारी ग्रुपवर लिहिलं. सगळं लिहिलं, पहिली ओळ माझी होती ती, पुसली ती, कप, खुर्च्या. तू मला ब्लॉक केलेलं असल्यामुळे ते तुला दिसणार नाही, म्हणून सांगते, ते तुझ्या स्पेलिंगमध्ये लिहिलंय. मला ते येत नाही, तुझ्या वर्गाचं जुनं पुस्तक आईच्या कपाटातून काढून एकेक शब्द बघत अडीच तास लागले. तरी ढीगभर चुका असतील. लोक यायला लागलेत खाली, आकडा वाढतोय. मी वाचलेलं नाही.

ब्लॉक काढ आणि वाच. एकही चूक सुधारू नकोस.

तुझी बहीण,
वेना